काळी गेली, पांढरी उरली
शहराच्या पोटात वाढणाऱ्या गावांचे अर्थकारण

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत गावाचे दोन भाग मानले जात. पिकाऊ जमीन ती ‘काळी’ आणि घरांची वस्ती ती ‘पांढरी’. काळीवर सारा बसे, म्हणून तिचा प्रत्येक बांध, प्रत्येक गुंठा सरकारी दप्तरात नोंदला जाई. पांढरीवर सारा नसे, म्हणून तिची नोंद लोकांच्या स्मरणात असे. अमक्याच्या घराची भिंत तमक्याच्या गोठ्याला लागून आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक असताना ते कागदावर लिहिण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

ही व्यवस्था शतकानुशतके बिनतक्रार चालली. शहर गावाच्या वेशीपाशी येऊन पोहोचले, की मात्र तिचा कस लागतो. शहर प्रथम काळी मागते आणि जी नोंदलेली आहे तिचा मोबदला देऊन ती घेते. पांढरी मागे उरते. पुढची सारी वाढ, सारे भाडे, साऱ्या पिढ्यांची बचत त्या नोंद नसलेल्या पांढरीवर उभी राहते. हा प्रवास कसा घडतो, त्यातून कोणते आर्थिक प्रश्न निर्माण होतात आणि कर्जदार वा खरेदीदार म्हणून आपण कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते देशातील सर्वांत आखीव शहराचे, म्हणजे चंदीगडचे.

सेक्टर ३९ चा शेजार

काही दिवसांपूर्वी कार्यालयीन कामानिमित्त चंदीगडच्या सेक्टर ३९ मध्ये मुक्काम करण्याचा योग आला. हा भाग शहराच्या नैर्ऋत्येकडील. शहराला पाणी पुरवणारे मुख्य केंद्र येथेच आहे. भाक्रा कालव्याचे पाणी पंजाबातील कजौली येथून उचलून येथवर आणले जाते. सूक्ष्मजीवांवर संशोधन करणारी ‘इमटेक’ ही १९८४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था याच सेक्टरमध्ये आहे, आणि गव्हाच्या हंगामात खरेदी चालते तो धान्यबाजारही येथेच. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, ठरावीक उंचीची घरे आणि ठरावीक अंतरावर दुकाने. चंदीगडविषयी जे ऐकलेले असते ते सारे येथे पाहावयास मिळते.

परंतु जवळच्याच सेक्टर ४१ कडे वळले, की दृश्य एकाएकी पालटते. तेथे बडहेडी आणि बुटेरला ही दोन गावे आहेत. होय, सेक्टरच्या आत गावे! दोन माणसे जेमतेम शेजारून जातील अशा गल्ल्या, डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे आणि एकमेकांना टेकून उभी राहिलेली तीन-चार मजली घरे. तळमजल्यावर दुकान, वर खोल्या आणि खोल्यांत भाडेकरू. सेक्टर ४२ मध्ये अटावा, सेक्टर ४५ मध्ये बुडैल आणि सेक्टर ५२ मध्ये कजहेडी येथेही थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे.

बडहेडीत एका वृद्ध गृहस्थांशी गप्पा झाल्या. मी बँकेत काम करतो हे कळताच त्यांनी मनातला प्रश्न विचारला. त्यांचे घर तीन मजली. दरमहा भाडे नियमित येते. नातवाच्या उच्च शिक्षणासाठी घर तारण ठेवून कर्ज काढावे म्हणून ते चौकशी करून आले होते. मालकीचा कागद मागितला गेला तेव्हा त्यांनी विजेचे बिल पुढे केले, कारण त्यांच्याजवळ तेवढेच होते. ‘‘पणजोबांपासून आम्ही इथे राहतो. हे शहर आमच्या शेतावर बसले आहे. आणि घर माझे आहे, हे मीच सिद्ध करायचे?’’ असा त्यांचा सवाल होता. त्यावर तेथल्या तेथे देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आखीव शहर आणि अनाखीव गावे

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतीय पंजाबला राजधानी उरली नाही. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवी राजधानी वसवण्याचे ठरले. प्रारंभी आल्बर्ट मेयर या अमेरिकन नियोजनकारांकडे काम होते. १९५१ पासून ल कॉर्बुझिए, त्यांचे चुलत बंधू पिएर जानरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे दांपत्य यांनी सूत्रे हाती घेतली. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते नगराचे उद्घाटन झाले.

सेक्टर हा या नगराचा घटक. सर्वसाधारण सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब. पहिल्या टप्प्यात १ ते ३० क्रमांकाचे सेक्टर योजले होते. त्यांत १३ हा आकडा वगळला होता. लोकसंख्येचे उद्दिष्ट दीड लाख होते. दुसऱ्या टप्प्यात ३१ ते ४७ हे सेक्टर धरून एकूण पाच लाखांची सोय करावयाची होती. आपला सेक्टर ३९ या दुसऱ्या टप्प्यातला. प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेत चंदीगडची लोकसंख्या १० लाख ५५ हजारांवर गेली होती.

ज्या भूमीवर ही आखणी झाली ती मोकळी नव्हती. पहिल्या टप्प्यातच १७ गावांची जमीन संपादित झाली. ती गावे उठली आणि त्यांच्या जागी सेक्टर आले. सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी या पाडलेल्या घरांचा राडारोडा, फुटकी भांडी आणि फरशांचे तुकडे वर्षानुवर्षे गोळा करून त्यांतून मूर्ती घडवल्या. १९७६ साली लोकांसाठी खुले झालेले ‘रॉक गार्डन’ ते हेच. पर्यटक तेथे कलाकृती पाहतात, पण त्या कलाकृतींत गेलेल्या गावांचे घरसामान आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या टप्प्यात धोरण थोडे बदलले. शेती घेतली गेली, परंतु अटावा, बुडैल, बडहेडी, बुटेरला यांसारख्या गावांची वस्ती जागेवरच ठेवली गेली. सेक्टरचे रस्ते गावाला वळसा घालून गेले. माणसे घरातून उठली नाहीत, ही यातील चांगली बाजू. पण ज्या शेतीवर घर चालत होते ती गेली आणि गाव चारही बाजूंनी शहराने वेढले गेले.

शहराबाहेर अस्ताव्यस्त वाढ होऊ नये म्हणून १९५२ सालीच परिसर नियंत्रण कायदा करण्यात आला. राजधानीभोवतीच्या पाच मैलांच्या पट्ट्यात परवानगीवाचून बांधकामास त्याने मनाई केली. १९६२ साली हा पट्टा दहा मैलांचा झाला. म्हणजे गावकऱ्याने आपल्या उरलेल्या शेतात घर बांधावे तर कायदा आड येई. बांधकामाला वाव होता तो फक्त गावाच्या मूळ वस्तीत, म्हणजे ‘लाल डोऱ्या’च्या आत.

लाल डोरा म्हणजे काय?

उत्तरेकडे महसुली मोजणी झाली तेव्हा गावच्या नकाशावर वस्तीभोवती लाल रेघ ओढली गेली. तिलाच लाल डोरा किंवा लाल लकीर म्हणतात. आपल्याकडे ज्याला गावठाण म्हणतात, तेच हे. रेघेबाहेरच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक, क्षेत्र आणि खातेदाराचे नाव. रेघेच्या आत सहसा संपूर्ण वस्ती मिळून एकच क्रमांक. मोजणीचा हेतू महसूल गोळा करण्याचा होता आणि वस्तीवर महसूल नव्हता. साहजिकच जेथे सारा नाही तेथे नोंद नाही.

महाराष्ट्रीय वाचकाला ही रचना अपरिचित वाटू नये. गावांच्या नावांतही साम्य आहे. चंदीगडजवळ रायपूर कलाँ आणि रायपूर खुर्द अशी दोन गावे आहेत. आपल्याकडील बुद्रुक आणि खुर्द, म्हणजे थोरले आणि धाकटे, तोच हा प्रकार. डड्डूमाजरा, हल्लोमाजरा यांतील ‘माजरा’ म्हणजे मूळ गावापासून फुटून निघालेली वस्ती, आपली वाडी. जमीन मोजण्याची आणि गावे ओळखण्याची पद्धत देशभर थोड्याफार फरकाने एकच होती. म्हणून तिच्यातील उणीवही एकच आहे.

लाल डोऱ्याच्या आत नगररचनेचे बांधकाम-नियम दीर्घकाळ लागू नव्हते. आखीव सेक्टरमध्ये एक मजला वाढवायचा तर नकाशा मंजूर करून घ्यावा लागे. गावात तसे बंधन नव्हते. दुसरीकडे सेक्टरमधील भाडे विद्यार्थी, बांधकाम मजूर, दुकानातील नोकर आणि नव्याने नोकरीस लागलेला कारकून यांना परवडणारे नव्हते. शहराला या माणसांची गरज होती, पण त्यांच्यासाठी घरे आखणीत पुरेशी नव्हती. ही उणीव गावांनी भरून काढली. शेती गेलेल्या कुटुंबाने मोबदल्यातून खोल्या बांधल्या आणि पिकाच्या जागी भाडे आले. गावाची वाढ आडवी होऊ शकत नव्हती, म्हणून ती उभी झाली. बाहेरून पाहणाऱ्याला ही बजबजपुरी वाटते. वास्तविक पाहता ती शहराच्या एका खऱ्या गरजेला गावाने दिलेले उत्तर आहे.

नाव बदलते, कागद बदलत नाही

पुढे शहराने गावांना आपल्यात सामावून घेतले. चंदीगड महानगरपालिकेत प्रथम अटावा, बडहेडी, बुडैल आणि बुटेरला ही चार गावे होती. २००६ साली डड्डूमाजरा, हल्लोमाजरा, कजहेडी, मलोया आणि पलसौरा ही पाच गावे आली. उरलेली १३ गावे २०१८-१९ च्या सुमारास समाविष्ट झाली. अशा रीतीने केंद्रशासित प्रदेशातील २२ गावांची ग्रामपंचायत-व्यवस्था संपुष्टात आली. २०२० च्या सुमारास गावांच्या परिसरांना सेक्टरची नावे देण्यात आली. आजवर वगळलेला १३ हा क्रमांक मनीमाजराला मिळाला. मलोया आणि डड्डूमाजरा यांचा परिसर ‘सेक्टर ३९ पश्चिम’ झाला.

नाव मिळाले, पण केवळ नावाने शहर होत नाही. चंदीगडच्या कचऱ्याचा डोंगर दीर्घकाळ डड्डूमाजऱ्याच्या वाट्याला आला. झोपडपट्ट्या हटवल्यावर पुनर्वसनाची घरे मलोयात बांधली गेली. शहराला जे आपल्या दारात नको असते ते बहुधा कडेच्या गावाच्या दारात जाऊन पडते. मोठ्या शहराजवळच्या कोणत्याही गावाचा हा अनुभव असतो.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब अशी की, पालिकेत जाण्याने कर बदलतो, पाणी, रस्ते आणि दिवाबत्तीची जबाबदारी बदलते, पण घराच्या मालकीची नोंद आपोआप तयार होत नाही. कर भरल्याची पावती ही कर भरल्याचीच पावती असते. ती मालकीचा दाखला नव्हे.

बँक कागद का मागते?

कर्ज देताना बँक परतफेडीची क्षमता पाहते आणि तारणही पाहते. घर तारण ठेवताना बहुधा इक्विटेबल मॉर्गेज केले जाते. म्हणजे मालकीचे मूळ दस्तऐवज बँकेच्या ताब्यात ठेवून गहाण निर्माण होते. जेथे मूळ दस्तऐवजच नाही तेथे बँकेकडे ठेवणार काय? घर डोळ्यांसमोर उभे आहे, त्याची किंमत लाखांत आहे, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते तारण होऊ शकत नाही. अशी संपत्ती मालकाला निवारा देते, भाडे देते, पण अडचणीच्या वेळी भांडवल देत नाही.

याचे परिणाम दूरवर जातात. शिक्षणासाठी, धंद्यासाठी किंवा आजारपणासाठी पैसा लागला, की असे कुटुंब खाजगी सावकाराकडे वळते आणि जबर व्याज भरते. किंवा घर विकते, आणि तेही कागद नाही म्हणून पडत्या किमतीत. म्हणजे एका कागदाच्या अभावाची किंमत ते कुटुंब दोनदा मोजते.

अशा वस्त्यांत आणखी एक प्रघात आढळतो. खरेदीखत होऊ शकत नाही म्हणून विक्री-करार, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद करून घर ‘विकले’ जाते. ११ ऑक्टोबर २०११ रोजी ‘सूरज लॅम्प’ विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशा कागदांनी स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून अशी घरे घेतली, त्यांनी हा निर्णय जाणून घेणे आवश्यक आहे.

आपल्याकडील पांढरी

मुंबईत १८९ गावठाणे असल्याचे सांगितले जाते. गिरगावातील खोताची वाडी पाहिली म्हणजे महानगराच्या पोटात जुनी वस्ती कशी तग धरते, याची कल्पना येते. पुणे महानगरपालिकेत १९९७ साली ३८ गावे घेण्यात आली आणि पुढे त्यांतील काही वगळली गेली. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे नव्याने आली. म्हणजे एका पिढीच्या आत कितीतरी ग्रामपंचायती इतिहासजमा झाल्या.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये गावठाणांच्या मोजणीची तरतूद आहे. त्यानुसार प्रामुख्याने २,००० हून अधिक लोकसंख्येच्या गावांचे नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या. लहान गावांत मात्र ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ हाच लोकांचा आधार राहिला. हा करआकारणीचा उतारा आहे. कित्येक ग्राहक तो सातबारासारखा समजून बँकेत आणतात आणि तो पुरेसा नाही असे सांगितल्यावर हिरमुसतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण त्यांच्या घराविषयी दुसरा कागद कुणी बनवलेलाच नव्हता.

या उणिवेवर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत मोठे काम उभे राहिले आहे. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी या गावी ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. हरियाणात कर्नाल जिल्ह्यातील सिरसी हे गाव २०२० च्या आरंभी ‘लाल डोरामुक्त’ जाहीर करण्यात आले. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन वस्तीवरून उडतात, प्रत्येक घराची हद्द नकाशावर येते, गावासमोर चौकशी होते आणि मग मालमत्तेचा अभिलेख दिला जातो. महाराष्ट्रात तो सनद आणि मिळकत पत्रिकेच्या रूपाने मिळतो, उत्तर प्रदेशात त्याला ‘घरौनी’ म्हणतात. १८ जानेवारी २०२५ या एकाच दिवशी देशभरात ६५ लाखांहून अधिक अभिलेखांचे वितरण झाले.

परंतु ‘स्वामित्व’ ही ग्रामीण वस्त्यांसाठीची योजना आहे. जे गाव महापालिकेत गेले ते तिच्या कक्षेबाहेर पडते. शहरी भागातील जमिनींच्या मोजणीसाठी १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘नक्शा’ हा प्रायोगिक उपक्रम देशातील १५२ नागरी संस्थांत सुरू झाला. शहरात विलीन झालेल्या गावांना अशा उपक्रमाची नितांत गरज आहे, कारण ती कागदोपत्री धड गावात नाहीत आणि धड शहरातही नाहीत.

काळीच्या मोबदल्याचे काय झाले?

पांढरीचा विचार करताना काळीच्या पैशाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये बाजारभाव आणि त्यावर दिलासा रक्कम मिळे. ही रक्कम आधी १५ टक्के होती, १९८४ साली ती ३० टक्के झाली. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने ती शंभर टक्के केली, शिवाय ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंत गुणक ठेवला. म्हणजे शहरी भागात बाजारभावाच्या सुमारे दुप्पट आणि ग्रामीण भागात चौपटीपर्यंत मोबदला मिळू शकतो.

मोबदला कितीही मोठा असला तरी जमीन दरवर्षी पिकते आणि रक्कम एकदाच येते. महागाई दरवर्षी ६ टक्के धरली, तर आजच्या ५० लाखांची क्रयशक्ती १२ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर येते. घरातल्या तिजोरीत पडून राहिलेला पैसा असा आपोआप झिजतो आणि गाडी, लग्न, मानपान यांत गेलेला पैसा तर त्याहून लवकर संपतो. ज्या कुटुंबांनी त्यातून भाड्याच्या खोल्या, मुलांचे शिक्षण किंवा एखादा व्यवसाय उभा केला, त्यांना काळीचा पर्याय सापडला.

महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे पाहावयास मिळतात. नवी मुंबईसाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहू लागले. प्रकल्पग्रस्तांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांना हौतात्म्य आले. त्या लढ्याचे फलित म्हणून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याचे तत्त्व मान्य झाले. दुसरे उदाहरण पुण्याच्या हडपसर भागातील मगरपट्ट्याचे. तेथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांहून अधिक जमीन विकण्याऐवजी एकत्र केली आणि सतीश मगर यांच्या पुढाकाराने २००० सालापासून त्यावर स्वतःच नगर वसवले. प्रत्येक कुटुंब जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले. शहर आले, पण शेतकरी त्यात भाडेकरू न होता भागीदार झाला.

प्रत्येक गावाला मगरपट्टा होता येईल असे नाही. जमिनी सलग असाव्या लागतात, कुटुंबांत एकमत असावे लागते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याच्या त्याच्या नावाची जमीन कागदावर निर्विवाद असावी लागते. भागीदारीचा पाया नोंद हाच आहे.

ग्राहकांनी घ्यावयाची दक्षता

गावठाणातील घराचे मालक असाल, तर पुढील गोष्टी वेळीच कराव्यात.

१. आपल्या गावाचे नगर भूमापन किंवा ‘स्वामित्व’ची मोजणी झाली आहे काय, याची चौकशी भूमी अभिलेख कार्यालयात करावी. मोजणी चालू असेल तर घरातील जाणत्या व्यक्तीने त्या दिवशी हजर राहावे. हद्दीबाबत हरकत असल्यास मुदतीतच नोंदवावी.

२. वारसांची नावे पूर्ण लागली आहेत ना, हे पाहावे. २००५ च्या दुरुस्तीने, आणि महाराष्ट्रात तर १९९४ पासूनच, हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिलेला आहे. आजवर जेथे नोंदच नव्हती तेथे नवी नोंद होताना आई आणि बहिणी यांची नावे गाळली गेली, तर तो अन्याय पुढच्या पिढ्यांसाठी कायमचा लिहून ठेवल्यासारखे होईल. शिवाय असे घर पुढे तारण ठेवताना वाद निघण्याचा संभव असतो तो निराळाच.

३. वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र हे दस्त रीतसर नोंदवून घ्यावेत. तोंडी वाटणी भावाभावांत चालते, ती पुतण्यांच्या काळात चालेलच असे नाही.

४. जुन्या कर-पावत्या, वीजबिले आणि पूर्वजांचे कागद जपून ठेवावेत. ते स्वतः मालकी सिद्ध करीत नसले, तरी दीर्घकालीन ताबा दाखवण्यास उपयोगी पडतात.

अशा वस्तीत घर विकत घेणार असाल, तर ते गावठाणाच्या हद्दीत आहे की बाहेर, हे नकाशावरून तपासावे. हद्दीबाहेरील शेतजमिनीवर परवानगीवाचून झालेले बांधकाम स्वस्त मिळते ते उगीच नव्हे. केवळ कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार करू नये. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा आणि मालमत्तेवर पूर्वीचा बोजा नाही याची खात्री करावी. केवळ फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. म्हणून नोंदीमागचा मूळ दस्त अवश्य पाहावा.

शाखांतील सहकाऱ्यांनाही एक विनंती आहे. गावठाणातील ग्राहकाला ‘तुमचे कागद चालणार नाहीत’ एवढे सांगून परत पाठवू नये. कोणता कागद कमी आहे, तो कोणत्या कार्यालयात मिळेल आणि तोवर घर तारण न ठेवता मिळू शकणारी अन्य कोणती सोय आहे, हे सांगण्यास दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांनी एक कुटुंब सावकाराच्या दारापासून परत फिरू शकते.

समारोप

बडहेडीच्या त्या गृहस्थांचा प्रश्न अजून माझ्या मनात आहे. त्यांचे म्हणणे न्यायाचे होते. घर त्यांचेच आहे याविषयी गावात कुणालाही शंका नाही. अडचण एवढीच, की आता त्यांचा व्यवहार केवळ गावाशी राहिलेला नाही. तो अनोळखी माणसांशी, शहराशी आणि संस्थांशी आहे. जेथे माणसे एकमेकांना ओळखतात तेथे शब्द पुरतो. जेथे ओळखत नाहीत तेथे शब्दाचे काम कागदाला करावे लागते. गावाचे शहर होते तेव्हा बदलते ते नेमके हेच.

निरोप घेताना मी त्यांना नातवासाठी शैक्षणिक कर्जाची माहिती दिली. ठरावीक मर्यादेपर्यंत त्यास तारण लागत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. घराच्या नोंदीची वाट पाहत नातवाचे वर्ष वाया जाऊ नये, एवढे तरी साधले. घराचा प्रश्न मात्र उभाच आहे, आणि तो एका गृहस्थांचा किंवा एका गावाचा नाही. काळी गेली तिचा हिशेब झाला. उरलेल्या पांढरीचा हिशेब मांडणे हे शासन, बँका आणि स्वतः गावकरी यांचे पुढच्या काही वर्षांतील मोठे काम आहे. वाचकांपैकी ज्यांचे मूळ घर गावठाणात आहे त्यांनी त्याचा प्रारंभ या आठवड्यातच करावा. घरातील जुनी ट्रंक उघडावी आणि कोणता कागद आहे, कोणता नाही, याची यादी करावी.